ज्या संख्यांना जनक नाही

धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर दिवेलागणीच्या सुमारास चहाचा पेला हातात घेऊन उभे राहिले असता समोरून जाणाऱ्या रिक्षा, टेम्पो आणि उसाच्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांच्या पाटीवर ‘एमएच २५’ अशी नोंद दिसते. आणि परिवहन खात्याने आमच्या जिल्ह्याला दिलेला हा क्रमांक आम्हां जिल्हावासीयांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्या पंचविसाकडे निव्वळ संख्या म्हणून पाहावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु संख्यांनाही कूळ असते हे एकदा मान्य केले म्हणजे या पंचविसाची वंशावळ पाटीवरच्या धुळीत बोटाने लिहून काढता येते. सतरा ही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिचेच दोन अंक, एक आणि सात, मिळवावेत, पंचवीस येतात. म्हणजे सतरा हा पंचविसाचा बाप. तेरा अधिक एक अधिक तीन म्हणजे सतरा, म्हणून तेरा हा आजा. अकरा अधिक एक अधिक एक म्हणजे तेरा, म्हणून अकरा हा पणजा. दहा अधिक एक अधिक शून्य म्हणजे अकरा, म्हणून दहा हा खापरपणजा. आणि पाचांत पाच मिळवले की दहा. याच्या वर मात्र जाता येत नाही. एकात एक मिळवला तर दोन, दोहोंत दोन तर चार, तिहींत तीन तर सहा, चोहोंत चार तर आठ. पाच कोणाच्याच पोटी येत नाहीत. मराठवाड्यातील जुनी माणसे तलाठ्याला अजून पटवारी म्हणतात. तसल्या एखाद्या जुन्या, करड्या पटवाऱ्याने फेरफाराच्या वहीत पाचाची वारसनोंद करावयास घेतली असती, तर जनकाच्या रकान्यात त्याला रेघ ओढूनच पुढे जावे लागले असते.

ज्या संख्येच्या नावापुढे अशी रेघ ओढावी लागते, म्हणजे कोणतीही संख्या अधिक तिचे अंक या रीतीने जी कधीच उत्पन्न होत नाही, तिला स्वयंभू संख्या म्हणतात. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात स्वयंभू या शब्दाचा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागत नाही: जे कोणी घडवले नाही, आपले आपणच प्रकटले, ते स्वयंभू. गणितात ही कल्पना आणली ती एका मराठी शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, १९२९ साली बी.एस्सी. झाले, आणि त्यानंतर नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत मुलांना गणित शिकवीत १९६२ पर्यंतची उमर त्यांनी काढली. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. होता तो खडू, फळा, आणि आगगाडीच्या प्रवासातही थांबावयास तयार नसलेले डोके. डोंबिवलीच्या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले, यावरून हा गृहस्थ गाडीची वाट पाहताना काय करीत असे, याची कल्पना यावी.

१९४९ हे साल त्यांच्या आयुष्यात विशेष फलदायी ठरले. कोणत्याही चार अंकी संख्येचे अंक, ते सगळे एकसारखे नसले म्हणजे झाले, उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करीत गेले की फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ या संख्येवर येऊन थांबावे लागते, हा आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जाणारा शोध त्या वर्षीचा, आणि स्वयंभू संख्यांचा विचारही त्याच वर्षीचा. पुढे १९६३ साली या संख्यांवरची एक पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच छापून काढली. १९६३ ही संख्या स्वतःच स्वयंभू आहे. हा योगायोग की मास्तरांची खोडी, हे ज्याचे त्याने ठरवावे. अकरा वर्षांनी, म्हणजे १९७४ साली, कोलंबिया देशातील बेर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न एका अमेरिकन गणित नियतकालिकात विचारला, म्हणून पाश्चात्त्यांत या संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ असेही नाव पडले; आणि गंमत अशी की १९७४ हीदेखील स्वयंभूच आहे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे देवळालीच्या या निवृत्त मास्तरांचे नाव देशोदेशी पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले.

या संख्यांची यादी करावी कशी? एकेका संख्येचा बाप शोधीत हिंडणे हा फौजदारी तपासाचा मार्ग झाला. त्यापेक्षा सर्व बापांना आपापली अपत्ये घेऊन रांगेने हजर राहण्याचे फर्मान काढावे आणि ज्यांचा हात धरून कोणीच आले नाही त्यांची नावे लिहून घ्यावीत, हे सोपे. मी एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर पेन्सिलीने हा उद्योग केला. एक ते नऊ यांची अपत्ये २, ४, ६ अशी दोन-दोनांच्या ढांगा टाकीत १८ पर्यंत जातात. दहापासून ढांग तीच राहते, पण प्रारंभ ११ पासून होतो: ११, १३, १५, आणि शेवट २९ वर. विसाच्या घराची अपत्ये २२ पासून ४० पर्यंत, तिसाच्या घराची ३३ पासून ५१ पर्यंत, चाळिसाच्या घराची ४४ पासून ६२ पर्यंत. आता पानावर दोन स्तंभ पाडावेत, सम अपत्यांचा एक व विषम अपत्यांचा एक. सम स्तंभात १८ वर एक घर संपते आणि २२ वर दुसरे सुरू होते. मधले २० कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. विषम स्तंभात २९ नंतर एकदम ३३ येतात. ३१ राहून जातात. पुढे ४० आणि ४४ यांच्यामध्ये ४२, ५१ आणि ५५ यांच्यामध्ये ५३. दोन घरांच्या मधल्या बोळात सापडलेली ही मंडळी अकरा-अकराच्या अंतराने उभी असतात: २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. त्यांच्यात आरंभीचे १, ३, ५, ७, ९ मिळवले की शंभरापर्यंतच्या तेराही स्वयंभू संख्या हाती येतात. शंभरानंतर तिसरा अंक आल्याने पावले थोडी चुकतात, ९७ नंतर १०८ आणि लगेच ११० येतात, पण चाल साधारण तीच राहते. ही मालिका कधी संपत नाही. ९ मध्ये ८८ मिळवून ९७, ९७ मध्ये ८०८ मिळवून ९०५, ९०५ मध्ये ८,००८ मिळवून ८,९१३, अशा रीतीने एकामागून एक स्वयंभू संख्या हव्या तितक्या काढता येतात.

या वंशावळीत एक हिशेबी सौंदर्यही आहे, ते कापरेकरांनीच दाखवले. पाच, दहा, अकरा, तेरा, सतरा, पंचवीस या आपल्या ओळीतील सर्व संख्यांच्या अंकांची बेरीज करावयाची असेल, तर सहाही रकमांचे अंक मांडीत बसण्याचे कारण नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करावी, पंचविसातून पाच गेले वीस, त्यांत पंचविसाचे दोन अंक, दोन आणि पाच, मिळवावेत, सत्तावीस. पडताळा पाहा: पाच, एक, दोन, चार, आठ, सात यांची बेरीज सत्तावीसच भरते. ओळ दहा हजार संख्यांची असली तरी कारकुनाला दोनच टोके पाहिली की पुरे, कारण प्रत्येक पिढीने मागच्या पिढीकडून नेमके तिच्याच अंकांइतके घेतलेले असते, आणि मधल्या सर्व देण्याघेण्याची वजावाट आपोआप होते. ज्याने कधी महिनाअखेरीस रोजमेळ जुळवला आहे, त्याला या युक्तीचे मोल अधिक कळेल.

आता मूळ संख्यांकडे वळू. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशाने निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, ही व्याख्या आपण शाळेत घोकलेली असते. पण तीच व्याख्या थोडी फिरवून म्हणता येते की, लहान संख्यांच्या गुणाकाराने जी कधी उत्पन्न होत नाही ती मूळ संख्या. म्हणजे मूळ संख्या ह्या गुणाकाराच्या दरबारातील स्वयंभू होत. त्या हुडकण्याची रीतही तशीच उरलेसुरले वेचण्याची आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने ती सांगितली: दोनाच्या पाढ्यातील संख्या खोडा, तिनाच्या खोडा, पाचाच्या खोडा, आणि चाळणीवर जे राहील ते मूळ. आमच्या जिल्ह्यातील तेर, ज्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हटले आहे, तेथील माल गाड्यांतून भडोचला आणि तेथून जहाजांनी मिसर देशाकडे जात असे. अलेक्झांड्रियाची बाजारपेठ तेरच्या व्यापाऱ्यांच्या अगदीच अपरिचयाची नव्हती. त्या मालाबरोबर चाळणीची ही युक्ती परतीच्या गाडीने इकडे आली असे सुचवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तेरच्या वस्तुसंग्रहालयात गेले की अशा गोष्टी मनात आल्यावाचून राहत नाहीत, इतकेच.

दोन्ही चाळण्या एकाच जातीच्या असल्या तरी त्यांवर शिल्लक राहणाऱ्या धान्याचा स्वभाव वेगळा आहे. शंभरापर्यंत मूळ संख्या २५ आणि स्वयंभू १३. हजारापर्यंत मूळ १६८ आणि स्वयंभू १०२. दहा हजारांपर्यंत मूळ १,२२९ आणि स्वयंभू ९८३. येथवर मूळ संख्यांची सरशी आहे. पण एक लाखापर्यंत मोजणी नेली की मूळ ९,५९२ भरतात आणि स्वयंभू ९,७८४. मूळ संख्या जसजसे पुढे जावे तसतशा विरळ होतात, दुष्काळी भागातल्या विहिरींसारख्या त्यांच्यामधली अंतरे वाढत जातात. स्वयंभू संख्यांचे प्रमाण मात्र शेकडा पावणेदहाहून किंचित अधिक या दरावर स्थिरावते आणि मग कितीही पुढे जा, तो दर ढळत नाही. असे ठाम प्रमाण असल्याची सिद्धता इटालियन गणिती उंबेर्तो झान्निएर यांनी १९८२ साली दिली. म्हणजे देवळालीची चाळणी शेतसाऱ्यासारखी ठरल्या दराने वसुली करते, आणि अलेक्झांड्रियाची चाळणी दिवसेंदिवस हात आखडता घेते.

काही संख्या दोन्ही चाळण्यांवर शिल्लक राहतात. शंभराच्या आत अशा सहा आहेत: ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७; पुढे २११, २३३, २७७, ३६७. गुणाकाराने त्यांना जन्म दिलेला नाही आणि अंकांच्या बेरजेनेही नाही. त्यांतल्या तिनाची कथा थोडी करुण आहे. तिनाने भाग जाणाऱ्या संख्येच्या अंकांच्या बेरजेलाही तिनाने भाग जातो, हा नियम आपण जाणतो. त्यामुळे ३, ६, १२, १५, २१, २४ या तिनाच्या वंशात पिढ्यान् पिढ्या तिनाच्या पटीच जन्मास येतात, आणि मूळ संख्येपासून निघालेल्या या घराण्यात दुसरी मूळ संख्या म्हणून कधी उपजत नाही. याउलट पाचाच्या घराण्यात ११, १३, १७ अशा तीन पिढ्या लागोपाठ मूळ निघाल्या. २७७ चे भाग्य त्याहून थोर: तो स्वतः मूळ आणि स्वयंभू, त्यात अंक मिळवले की २९३, तो मूळ, मग ३०७, तो मूळ, मग ३१७, तोही मूळ, पाचव्या पिढीला ३२८ आला आणि परंपरा मोडली. या दुहेरी प्रतिष्ठेच्या संख्या किती मोठ्या असू शकतात याचे एक उदाहरण सांगतो: दोनाचा २,४०,३६,५८३ वा घात वजा एक ही ७२,३५,७३३ अंकांची मूळ संख्या स्वयंभूही आहे, असे ल्यूक पेबडी यांनी २००६ साली दाखवून दिले.

येथवर वाचून एखाद्या चिकित्सक वाचकाच्या मनात शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. मूळ संख्येचे मूळपण तिच्या अंगचे आहे; वीस दगड ओळीने मांडा, त्यांचे चार-चारांचे पाच ढीग होतात, ते कोणत्या लिपीत मोजले याच्याशी ढिगांना कर्तव्य नाही, आणि एकोणीस दगडांचे तसे सारखे ढीग निजामाच्या उर्दू दफ्तरातही झाले नसते आणि पेशव्यांच्या मोडी दफ्तरातही नाहीत. परंतु स्वयंभू संख्येचे स्वयंभूपण दगडांत नाही, कागदावर आहे. वीस ही संख्या दशमान पद्धतीत स्वयंभू खरी. पण संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत, जेथे एक आणि शून्य हेच दोन अंक, तेथे अठरा ही १००१० अशी लिहिली जाते, तिच्या अंकांची बेरीज दोन, आणि अठरा अधिक दोन म्हणजे वीस. विसाला बाप मिळाला. पाचाचीही तीच गत: द्विमानात तीन म्हणजे ११, अंकांची बेरीज दोन, आणि तीन अधिक दोन पाच. म्हणजे आम्ही हाताच्या दहा बोटांवर मोजतो म्हणून पाच पोरके झाले. आमच्या गावाला हा अनुभव नवा नाही. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद म्हणवले गेले आणि २०२३ साली कागदोपत्री पुन्हा धाराशिव झाले. टपालाच्या शिक्क्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सारे बदलले, धाराशिवची लेणी होती तेथेच आहेत.

केंब्रिजचे विख्यात गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात अंकांच्या अशा करामतींना गणिताच्या देवघरात स्थान नाकारले. ८७१२ आणि ९८०१ या संख्या उलट्या लिहिलेल्या स्वतःच्या पटी आहेत, अशांसारख्या गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत सांगण्यासारखे काही सापडत नाही, असे त्यांचे मत. रामानुजनांना ओळखणाऱ्या या माणसाच्या निकालावर मी अपील करण्याचे धाडस करीत नाही, परंतु निकालपत्रात एक मुद्दा विचारात घ्यावयाचा राहून गेला असे मला वाटते. लेखनपद्धती बदलली की काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न स्वतःच गणिताचा आहे. व्ही. एस. जोशी यांनी १९७३ साली गुजरात विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात दाखवले की, तीन, पाच, सात अशा कोणत्याही विषम पायावर संख्या लिहिल्या तर प्रत्येक विषम संख्या स्वयंभू होते आणि सम संख्या एकही नाही. याचे अर्धे कारण सोपे आहे: अशा लेखनात संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज या दोन्ही एकदम सम किंवा एकदम विषम असतात, त्यामुळे त्यांची बेरीज, म्हणजे अपत्य, नेहमी समच निघते, आणि विषमांना कोणी जन्म देत नाही. मग दोन वगळता सर्वच्या सर्व मूळ संख्या विषम असल्यामुळे, तीन अंकांच्या त्या देशात त्या साऱ्याच स्वयंभू ठरतात. दशमानात जे थोडक्यांना मिळते ते तेथे सगळ्यांना मिळते. हे कोड्यांच्या सदरातले खासच नव्हे.

स्वतःच्याच पोटातून पुढची संख्या काढणाऱ्या ओळी आणि मूळ संख्या यांचे नाते अंकांवर अवलंबून न राहताही जुळते, याचा एक दाखला अलीकडचा आहे. २००८ साली एरिक रोलंड यांनी सात या संख्येपासून एक ओळ सुरू केली. नियम एकच: दुसऱ्या पायरीला आधीची संख्या आणि दोन यांचा मसावि मिळवायचा, तिसऱ्या पायरीला तीनशी मसावि, चौथ्या पायरीला चारशी. आपण इयत्ता पाचवी-सहावीत ज्याचा कंटाळा केला तोच हा मसावि. ओळ निघते ती अशी: ७, ८, ९, १०, १५, १८, १९, २०, २१, २२, ३३, ३६. शेजारच्या दोहोंतला फरक पाहत गेले की बहुतेक वेळा एक येतो, आणि एक नसेल तेव्हा येतो तो मूळ संख्याच: ५, ३, ११, ३, पुढे २३, ३, ४७, ३, ५, ३, १०१. रोलंड यांनी सिद्धच केले की एकाखेरीज येणारा फरक मूळ संख्या असल्यावाचून राहत नाही. मूळ संख्यांच्या खाणीचा नकाशा म्हणून या ओळीचा उपयोग थोडाच, कारण दोन खड्यांच्या मध्ये एकांचे ढिगारे उपसावे लागतात. पण कोणी पेरल्याशिवाय त्या तेथे उगवतात, हे पाहून हार्डीसाहेबांनीही एकदा चष्मा सावरला असता.

मास्तरांच्या संख्यांकडे परत येतो, कारण एक गोष्ट सांगावयाची राहिली. काही संख्यांना जनक मुळीच नसतो, तशी काहींना दोन असतात. ९१ मध्ये नऊ व एक मिळवले तरी १०१ येतात आणि १०० मध्ये एक मिळवला तरी १०१ येतात. कापरेकरांनी अशांना जंक्शन म्हटले. लातूर-येडशीकडून येणारी बार्शी लाइटची अरुंद गाडी कुर्डुवाडीला मोठ्या लोहमार्गाशी जशी मिळे, तसे येथे दोन वंश मिळतात आणि पुढे एकाच रुळावरून जातात. तीन जनक असलेली संख्या हवी असेल तर मात्र १,००,००,००,००,००,००१ एवढ्या लांब जावे लागते.

तेव्हा पुन्हा बसस्थानक आणि पुन्हा एमएच २५. सोलापूर-धुळे हा आमच्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी २११ क्रमांकाचा होता, आणि २११, वर यादीत आलेच आहे, स्वयंभू आणि मूळ अशी दुहेरी सनद असलेली संख्या. नव्या क्रमवारीत त्याला ५२ हा क्रमांक मिळाला, ज्याचे कूळ ४४, ४० करीत सातापर्यंत पोहोचते. खतावणीच्या उरलेल्या पानावर मी तिन्ही ओळी पुढे चालवल्या. पंचविसाची ओळ ३२, ३७, ४७ अशी निघून १०९, १४९, १९७, २४७ ओलांडीत २९८ पर्यंत आली. २११ ची ओळ २१५, २२३, २३० करीत ३०२ वरून ३०७ ला गेली, तेथे तिला २७७ चा वंश येऊन मिळाला, आणि पुढच्याच पावलाला, ३१७ वर, पंचविसाची ओळ त्यांना भेटली. गाडी आणि जुना रस्ता असे एकत्र येऊन ३२८, ३४१, ३४९, ३६५ करीत चालले. नव्या रस्त्याची, बावन्नाची, ओळ मात्र बराच काळ अलगच राहिली. ती ५३०, ५८७, ६०७ अशी गेली, आणि ५९८ वरून आलेली पहिली ओळ व ६०७ वरून आलेली ही, दोन्ही ६२० वर मिळाल्या. पानावर जागा उरली होती म्हणून मी पुढचे दोन आकडे, ६२८ आणि ६४४, तिघांच्या नावाने एकदाच लिहिले.